घट्ट अंबाडा, स्ट्रेटनर, रंग, गंगावन : यातल्या नेमक्या कशाने केस कायमचे जातात?

गुंता :
नृत्य, विमानसेवा, सैन्य, जिम्नॅस्टिक्स अशा कामांत आठ-दहा तास चापूनचोपून बांधलेला अंबाडा किंवा पोनीटेल लागतेच. त्यात रंग आणि स्ट्रेटनरची भर, आणि कार्यक्रम असला की गंगावन. अशा बायकांची कपाळावरची आणि कानशिलांजवळची केसरेषा मागे सरकली की सल्ले ठरलेले असतात : ताण घेऊ नका, लोह तपासा, तेल बदला. केस बांधता कसे, हे कुणी विचारत नाही. म्हणून प्रश्न सरळ विचारतो.

१. विरळपणा बांधणीमुळेच आला आहे हे ओळखायचं कसं?
२. उष्णता आणि रसायनांनी केस गळतात की फक्त तुटतात?
३. अंबाडा टाळता येत नसेल तर मुळांवरची ओढ कमी कशी करायची? 'सैल बांधा' एवढं पुरत नाही, कृती हवी.
४. गेलेले केस परत येतात का? किती दिवसांत?

तेल-शाम्पूंची नावं नकोत.

केशमूळ :
'ताण' हे उत्तर बरोबरच आहे, फक्त तो मनाऐवजी केसांच्या मुळांवर शोधायला हवा.

केस तुटणं आणि केस मुळापासून जाणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. टाळूबाहेर दिसणारा केस म्हणजे केराटिन या प्रथिनाचा निर्जीव तंतू. तो मधेच तुटला तरी मूळ शाबूत असतं आणि महिन्याला साधारण १ सेंमी या गतीने नवा भाग वर येतो. उष्णता आणि रसायनं बहुतेक वेळा या तंतूची वाट लावतात. बांधणीची ओढ मात्र टाळूच्या आत पोचते. निरोगी केस ५० ते १०० ग्रॅम वजन सहज पेलतो, त्यामुळे घट्ट बांधल्यावर तो तुटत नाही आणि आपण निर्धास्त राहतो. दावं मजबूत असलं की खुंटा उपटतो, तसं इथे होतं.

घरच्या घरी बघायचं तर फणीतले २०-२५ केस पांढऱ्या कागदावर पसरा. एका टोकाला बारीक पांढरट गाठ असेल तर केस मुळापासून आला. कुठल्याच टोकाला गाठ नाही आणि लांबीही डोक्यावरच्या केसांपेक्षा बरीच कमी आहे, तर तो तुटला. दिवसाला ५० ते १०० केस मुळापासून गळणं नेहमीचंच आहे. एका दिवसाच्या गुंतवळावरून निष्कर्ष काढू नका.

ओढीमुळे केस जाण्याला ट्रॅक्शन ॲलोपेशिया म्हणतात. ग्रीनलंडमधल्या, केस वर ओढून घट्ट बांधणाऱ्या स्त्रियांमध्ये हा प्रकार १९०७ सालीच नोंदवला गेला होता. म्हणजे माहिती नवी नाही, विचारायची सवय नाही. आत घडतं ते असं : सततच्या ओढीने मुळाभोवती सूज येते, वाढीच्या अवस्थेतले केस वेळेआधीच विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि गळतात. त्याच जागी येणारा नवा केस आधीपेक्षा बारीक असतो. हे वर्षानुवर्षं चाललं तर मुळाच्या जागी व्रणाची ऊती तयार होते आणि छिद्रच बुजतं. तोवर गेलेले केस परत येऊ शकतात, त्यानंतर नाही.

खुणा साधारण या क्रमाने दिसतात. बांधल्यावर दुखतं, संध्याकाळी केस सोडले की टाळू हुळहुळते. कपाळाच्या कडेला केसाच्या बुडाशी कातडी तंबूसारखी उचललेली दिसते. मग मुळांभोवती लाली, बारीक पुटकुळ्या, कधी पू. पुढे त्याच पट्ट्यात आखूड तुटके केस आणि विरळपणा. इथे एक खास खूण आहे : विरळ पट्ट्याच्या पुढे, अगदी कडेला, लवीसारख्या केसांची झालर टिकून राहते. हे केस इतके आखूड असतात की रबरात सापडत नाहीत, म्हणून वाचतात. सगळ्यात शेवटी त्वचा गुळगुळीत, चकचकीत होते आणि छिद्रं दिसेनाशी होतात.

विरळपणाची जागाही बोलते. पोनीटेल आणि उंच अंबाड्याने कपाळ, कानशिलं, कानापुढचा भाग जातो. डोक्याच्या मागे रोज एकाच ठिकाणी अंबाडा असेल तर त्याच्याखाली आणि पिनांच्या जागी. गंगावनाच्या क्लिपांमुळे कानाच्या वर आणि मागे ठिगळासारखे चट्टे. केशरचनेच्या रेषांबरहुकूम विरळपणा असेल तर पहिला संशय बांधणीवर घ्या.

बटवेणी :
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. अंबाडा जागेवर राहतो तो पिनांमुळे आणि केसाला केस घासून धरला जातो म्हणून. रबर आवळण्याचा त्यात फारसा वाटा नसतो.

केस पूर्ण कोरडे असू द्या. ओला केस फुगतो, किंचित लांबतो आणि ताणाला लवकर नमतो. तसाच घट्ट बांधला तर वाळताना आखडतो आणि ओढ आणखी वाढते. 'ओल्यावर छान बसतात' म्हणतात ते खरं आहे, पण त्या छान बसण्याचा भार मुळांवर जातो.

कपाळापासून कानापर्यंत कडेची साधारण दोन सेंमीची पट्टी फणीच्या शेपटीने वेगळी काढा आणि क्लिप लावून ठेवा. ही पट्टी रबरात जाणार नाही. उरलेले केस मागे घेऊन कानांच्या उंचीवर एकदाच बांधा. रबर जाड, कापडी, धातूचा जोड नसलेलं. दोन वेढे पुरेत. तिसरा वेढा घ्यावासा वाटला तर रबर मोठं आहे, लहान घ्या. ऑफिसातलं साधं रबर केसांना कधीच लावू नका. ते काढताना केस सोबत घेऊन येतं.

आता बहुतेकजणी विसरतात ती पायरी. एका हाताने रबर धरा आणि दुसऱ्या हाताची बोटं रबराच्या पुढच्या केसांत घालून ते किंचित रबरापासून टाळूकडे ढकला. दोन-चार मिलिमीटरची ढील मिळाली तरी फरक कळतो. मग हनुवटी छातीला टेकवा, भुवया वर करा, मान दोन्ही बाजूंना वळवा. कुठेही चिमटल्यासारखं झालं तर तिथली बट मोकळी करा. आठ तासांत मान शेकडो वेळा हलते, आरशासमोर स्थिर उभं राहून हे समजत नाही.

शेपटाची सैल तीन पेडांची वेणी घाला आणि ती गुंडाळा. नुसतं शेपूट पिळून गुंडाळलं की पीळ उलगडू बघतो आणि तो जोर बुडाशी जातो. वेणी आपला पीळ आपल्यातच धरते. यू-पिना पाच ते आठ. पिन आधी अंबाड्याच्या बाहेरच्या केसांत उभी घुसवा, मग आडवी करून अंबाड्याच्या आत सरकवा. अशी अडकलेली पिन ओढ न देता धरते. टोकावरचा प्लास्टिकचा थेंब निघालेली पिन फेकून द्या, ती टाळू खरवडते आणि केस कापते. सगळ्यात शेवटी वेगळी ठेवलेली पट्टी थोड्या जेलने, मऊ ब्रशने मागे बसवून अंबाड्याच्या बुडाशी पिनेने अडकवा. समोरून चापून बसवल्यासारखंच दिसतं, मुळांवर फक्त जेलची पकड असते.

जागा बदलत राहा. आज कानाच्या रेषेत, उद्या मानेजवळ, परवा चार बोटं वर. भांगही. काम संपलं की लगेच सोडा, झोपताना तर नाहीच. सोडताना आधी सगळ्या पिना, मग रबर. रबर गुंतलं तर कात्रीने रबर कापा.

सागरवेणी किंवा टाळूला चिकटून घातलेल्या बारीक वेण्यांचं गणित वेगळं. तिथे प्रत्येक पेडात नवे केस ओढून घेतले जातात, त्यामुळे पहिले तीन-चार पेड सैल ठेवायचे आणि वेण्या कमी व जाड घालायच्या. बारीक वेणी म्हणजे थोड्या मुळांवर जास्त भार. 'पहिले दोन दिवस दुखणारच' हे ऐकून वेदनाशामक गोळी घेणं म्हणजे वाजणाऱ्या घंटेत बोळा कोंबणं. दुखलं तर उलगडा. त्याच दिवशी.

गंगावन आणि एक्स्टेन्शनबद्दल : क्लिपवाला पूर्ण संच १०० ग्रॅमच्या पुढे सहज जातो. कडेपासून किमान दोन-तीन सेंमी आत लावा आणि क्लिपमध्ये आपले केस पुरेसे घ्या. चार केसांवर क्लिप टांगली तर ती चार मुळं जाणारच. क्लिपा रोज काढायच्या. शिवलेले किंवा चिकटवलेले प्रकार ६ ते ८ आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नयेत. केस वाढतात तसा जोड टाळूपासून खाली येतो, लोंबतो आणि मुळाला पिळतो. गोंद टाळूवर अजिबात नको, आणि काढताना तो विरघळवणारं द्रावण वापरा, ओरबाडू नका.

पीएच_सात :
केशमूळ यांनी 'बहुतेक वेळा' हा शब्द वापरला ते बरं झालं, कारण रसायनांनीही मुळं कायमची जाऊ शकतात. त्यावर येतोच, आधी उष्णता.

स्ट्रेटनर ओल्या केसावर फिरवला की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते आणि तंतूत बुडबुडे तयार होतात. असा केस त्या जागी पोकळ होतो आणि विंचरताना तिथेच तुटतो. १२५ अंश सेल्सिअसचा चिमटा मिनिटभर एका जागी धरला तरी हे होऊ शकतं, म्हणजे त्यासाठी २३० अंश लागत नाहीत. फिरवताना चर्र आवाज आला तर थांबा, केस ओला आहे. पूर्ण कोरड्या केसांवर, रंगवलेल्या किंवा बारीक केसांसाठी १५० अंशांच्या आसपास, जाड केसांसाठी १८०. बट पातळ घ्या आणि एकदाच, न थांबता खाली आणा. जाड बटेवरून पाच वेळा फिरवण्यापेक्षा पातळ बटेवरून एकदा फिरवणं केव्हाही परवडतं. २०० अंशांच्या वर गेलं की केराटिनची आतली रचनाच मोडायला लागते आणि कुठलंही सिरम ती परत जोडत नाही. ड्रायर १५ सेंमी लांब आणि सतत हलता.

ब्लीचमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. डब्यावरचं २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. ते केसावरचा नैसर्गिक स्निग्ध थर काढून टाकतं. मग केस खरखरीत होतो, गुंततो, आणि गुंता सोडवताना तुटतो. '४० घेतलं तर लवकर होईल' हा हिशेब महाग पडतो, आणि टाळूला लागेल असं ४० तर नकोच.

सरळ करण्याची रसायनं दोन घराण्यांची. एक थायोग्लायकोलेट, दुसरं सोडियम हायड्रॉक्साइडसारखं तीव्र अल्कलीचं, पीएच १२ ते १४. ही दोन घराणी एकाच केसावर एकामागून एक लावली तर केस हातात येतात. पार्लर बदललं असेल तर आधी काय लावलं होतं हे सांगितल्याशिवाय खुर्चीत बसू नका. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पुन्हा करताना जुन्या सरळ भागावरही क्रीम ओढणं. ते फक्त नव्याने उगवलेल्या भागावर लावायचं, आणि तो भाग निदान दीड-दोन सेंमी होईपर्यंत थांबायचं, म्हणजे आठ आठवडे तरी.

आणि आता मुळांचं. हायड्रॉक्साइडचं क्रीम टाळूवर जास्त वेळ राहिलं तर ते भाजतं. खोल भाजलं तर व्रण राहतो, आणि व्रणातून केस उगवत नाही. क्रीम लावायच्या आधी टाळू खाजवलेली, खरचटलेली नको. चुरचुरू लागलं की घड्याळ बघत बसायचं नाही, लगेच धुवायचं. रंगाचंही असंच एक आहे. गडद रंगांत पीपीडी नावाचं द्रव्य असतं. त्याची ॲलर्जी असली तर टाळू सुजते, पाझरते आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी भसाभसा केस गळतात. मधे एवढा काळ गेल्यामुळे रंगावर कुणाचा संशयही जात नाही. कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून ४८ तास थांबा. आधी चाललं म्हणून आता चालेलच असं नाही, ॲलर्जी दहाव्या वेळीही उपटते.

सगळ्यात वाईट जोडी म्हणजे रसायनाने सरळ केलेले केस आणि त्यावर घट्ट वेण्या. दोन्हींमध्ये निदान दोन आठवडे जाऊ द्या.

गुंता :
उपयोगी पडलं. अजून तीन शंका.
कपाळाजवळच्या केसांवर कोंड्यासारखं पांढरं काहीतरी दिसतं, ते केसावर वर-खाली सरकतं. लिखा समजून औषध लावलं जातं. ते काय?
डॉक्टर केसांची जुडी ओढून बघतात, ते घरी करता येतं का?
केस उगवण्यासाठी टाळूवर लावायचं मिनॉक्सिडिल हे औषध आपलं आपण सुरू करावं का?

केशमूळ :
सरकतं तिथेच उत्तर आहे. लीख केसाला चिकटलेली असते, नखाने ओढल्याशिवाय हलत नाही. सहज सरकते ती मुळाच्या आवरणाची पांढरी नळी, ओढीमुळे केसासोबत बाहेर आलेली. घट्ट बांधणी चालू असल्याची ही महत्त्वाची खूण आहे. उवांचं औषध लावून टाळूला उगाच त्रास देऊ नका.

ओढून बघता येतं. दिवसभर केस धुतलेले नसताना अंगठा आणि दोन बोटांत ५०-६० केस धरा, बुडापासून टोकाकडे हलक्या, एकसारख्या जोराने सरकवा. पाच-सहापेक्षा जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे. विरळ पट्ट्यात आणि डोक्याच्या मागे, दोन्हीकडे करा. फक्त कडेला येत असतील तर बांधणी, सगळीकडे येत असतील तर कारण शरीरात शोधा.

मिनॉक्सिडिलबद्दल : बांधणी तशीच ठेवून ते लावणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं. आधी ओढ बंद. लाली, पुटकुळ्या असतील तर त्वचारोगतज्ज्ञ सूज उतरवतात. त्यासाठी स्टेरॉइडचं लोशन, कधी टाळूत स्टेरॉइडचं इंजेक्शन, कधी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक. मिनॉक्सिडिल त्यानंतर. बायकांसाठी २ टक्के द्रावण १ मिली दिवसातून दोनदा किंवा ५ टक्के फोम दिवसातून एकदा. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढलेली दिसते, त्यात घाबरून सोडू नका. चार ते सहा महिन्यांआधी निकाल विचारू नका. कपाळावर ओघळलं तर तिथेही लव येते. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना नाही.

परत येण्याची शक्यता छिद्रांवर ठरते. छिद्रं आणि बारीक लव दिसत असेल तर ओढ थांबवल्यावर तीन-चार महिन्यांत आखूड नवे केस दिसू लागतात, पूर्ववत व्हायला वर्षही लागतं. त्वचा चकचकीत झाली असेल तर औषधाने काही होत नाही. उरतं ते केसरोपण, तेही बांधणी बदलल्यावर. नाहीतर रोपलेलेही जातात.

चाळणी :
एक सावधगिरी. कपाळाची रेषा मागे गेली की लगेच अंबाड्याला फाशी देऊ नका. फ्रंटल फायब्रोझिंग ॲलोपेशिया नावाचा आजार अशाच जागी येतो, बहुधा रजोनिवृत्तीनंतर. त्यात केशमूळ यांनी सांगितलेली झालर नसते, एखाददुसरा एकटा केस मागे उरतो आणि भुवयाही विरळ होतात. तो थांबवायला औषध लागतं, आणि वाट बघण्यात केस जातात.

भांग रुंदावतोय, पण कपाळाची रेषा जागेवर आहे, तर ती बहुधा अनुवंशिक विरळता. बाळंतपण, मोठा ताप, शस्त्रक्रिया यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून केस गळतात. तिथे लोहाचा साठा आणि थायरॉइड तपासणं योग्यच. अचानक गोल, गुळगुळीत चट्टा आणि त्याच्या कडेला बुडाशी निमुळते होत गेलेले आखूड केस, तर चाई.

टाळूच्या मध्यापासून बाहेर पसरणारा व्रणाचा प्रकारही आहे, मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांमध्ये. १९६८ मध्ये त्याचं खापर तापवलेल्या कंगव्यावर फोडलं होतं आणि तसंच नाव दिलं होतं. पुढे कंगवा न वापरणाऱ्या बायकांतही तो दिसला, आणि २०१९ मध्ये पीएडीआय३ या जनुकातल्या बदलांशी त्याचा संबंध सापडला. केशरचना त्यात भर घालत असेल, पण सगळा दोष तिचा नाही.

आणि हो, एकाच डोक्यावर दोन कारणं असू शकतात. अनुवंशिक विरळतेत बारीक झालेले केस ओढीला लवकर बळी पडतात.

गुंता :
नियमाप्रमाणे एकही बट सुटी दिसता कामा नये अशा ठिकाणी, केसरेषा आधीच विरळ झाली असेल तर?

बटवेणी :
मग अंबाडाच खोटा लावा. आपल्या केसांची मानेजवळ सैल वेणी घालून ती चपटी गुंडाळा, त्यावर तयार अंबाडा यू-पिनांनी बसवा. वजन ५० ग्रॅमच्या आत असलेला घ्या आणि पिना वेणीत अडकवा, टाळूजवळच्या केसांत नको. विरळ पट्ट्यावर केसांच्या रंगाची पावडर मऊ ब्रशने थोपटा, रात्री धुऊन टाका. हेअर फायबर, म्हणजे विरळ जागा झाकायला भुरभुरायचे बारीक तंतू, चिकट जेलवर टाकू नका, गोळे होतात आणि काढताना पुन्हा ओढ बसते.

प्रगती बघायला दर दोन महिन्यांनी एकाच प्रकाशात, केस मागे धरून समोरून आणि दोन्ही कानशिलांचे फोटो घ्या. शेजारी पट्टी धरली की भुवईपासून केसरेषेचं अंतर मोजता येतं. रोज आरशात बघून काही कळत नाही.